ओळख नसलेल्या माणसांपर्यंत

नमस्कार श्रोतेहो.

आज मला बोलायचंय ते अठरा ते पंचवीस वर्षांच्या मुलामुलींशी, आणि त्यातही परभणी, चाळीसगाव, पुसद, सावंतवाडी अशा गावांत राहून काहीतरी मोठं करायची जिद्द धरलेल्यांशी. या मुलांकडून एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आमची कुठे वरपर्यंत ओळख आहे?" ते खोटं नाही. ज्याचा काका कंपनीत मॅनेजर आहे, त्याला इंटर्नशिपची बातमी जेवता जेवता कळते. तुम्हाला ती कळते तेव्हा अर्जाची मुदत उलटून गेलेली असते. हा फरक नुसत्या मेहनतीनं भरून निघतो, असं मी सांगणार नाही. पण ओळखी घरातूनच याव्या लागतात, ही समजूत मात्र मला अजिबात मान्य नाही.

मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञानं बॉस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना गाठलं. ज्यांना नोकरी ओळखीतून मिळाली होती, त्यांना त्यानं एक साधा प्रश्न विचारला. ज्या माणसाकडून ही नोकरी कळली, तो तेव्हा तुम्हाला कितीदा भेटायचा? नेहमी भेटायचा, असं म्हणणारे शंभरात जेमतेम सतरा निघाले. निम्म्याहून जास्त लोकांनी सांगितलं की अधूनमधून भेटायचा, आणि अठ्ठावीस टक्के म्हणाले की क्वचितच. हा अभ्यास 1973 साली प्रसिद्ध झाला. म्हणजे नोकरीची बातमी बहुतेकांना दूरच्या ओळखीतून कळली होती. त्यामागचं कारण सोपं आहे. आपले जिवलग मित्र आपल्याच वर्गात, आपल्याच गल्लीत असतात. आपल्याला जे ठाऊक तेच त्यांनाही ठाऊक. नवी बातमी येते ती ज्याचा वावर दुसरीकडे आहे त्याच्याकडून.

पुढे लिंक्डइन या नोकरी-व्यवसायाच्या ओळखी जोडण्याच्या वेबसाइटवरच्या दोन कोटी लोकांच्या पाच वर्षांच्या माहितीवर हीच गोष्ट पुन्हा तपासली गेली. तो अभ्यास 2022 साली आला. त्यातही दूरच्या ओळखीच जास्त उपयोगी ठरल्या, पण अगदीच तोंडओळखीच्या नव्हे. मधल्या अंतरावरच्या, म्हणजे दोघांच्या ओळखीची काही माणसं सामायिक आहेत अशा ओळखी सर्वांत कामाच्या निघाल्या. आणखी एक गोष्ट त्यात दिसली. जिथे काम संगणकावर चालतं, तिथे दूरच्या ओळखींचं वजन जास्त. जिथे सॉफ्टवेअरवर फारसं काही अवलंबून नाही, तिथे जवळचीच माणसं जास्त कामी येतात. त्यामुळे आयटीआय करून वर्कशॉपमध्ये जाणाऱ्यानं आपल्या निदेशकांना आणि बरोबरच्या कारागिरांना धरून राहावं. लिंक्डइनवर खातं नाही म्हणून हळहळू नये.

मग ही मधल्या अंतरावरची माणसं तुमच्याकडे नाहीत का? आहेत. दोन वर्षांपूर्वी पास झालेली सीनियर ताई, एनएसएसच्या शिबिरात भेटलेला दुसऱ्या कॉलेजचा मुलगा, मामाच्या शेजारी राहणारे इंजिनीअर, कॉलेजात एकदा व्याख्यान देऊन गेलेल्या मॅडम. एका वहीत त्यांची नावं लिहून काढा. तुम्हाला वाटतात त्यापेक्षा ती बरीच जास्त भरतील. ऑनलाइन ओळखी वाढवायच्या म्हणजे या यादीच्या पुढच्या माणसापर्यंत पोचायचं.

आता पोचायचं कसं, ते जरा सविस्तर सांगते, कारण गाडी अडते ती इथेच. बहुतेकांचा पहिला मेसेज असा असतो, "हाय सर, आय ॲम इंटरेस्टेड इन जॉब, प्लीज गाईड मी." समोरच्यानं यावर काय लिहावं? तुम्ही कोण, काय येतं, नेमकं काय हवंय, काहीच कळत नाही. त्याला मदत करायची असली तरी सुरुवात कुठून करायची, हा प्रश्न पडतो. आता हा दुसरा मेसेज ऐका.

"नमस्कार मॅडम. मी मनमाडला बी.एस्सी. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. लासलगाव बाजारातले गेल्या तीन वर्षांचे कांद्याचे रोजचे भाव घेऊन मी एक तक्ता केला आहे, त्याची लिंक खाली देते. लिलाव बंद असतो ते दिवस त्यात रिकामे राहतात. ते तसेच सोडावेत की आदल्या दिवसाचा भाव भरावा, हे मला ठरवता येत नाही. तुम्ही शेतमालाच्या किमतींवर काम करता म्हणून तुम्हाला विचारते आहे. सवडीनं दोन ओळी लिहिल्यात तरी पुरे."

बघा, यात नोकरी मागितलेली नाही. बघायला काहीतरी आहे. प्रश्न एकच आहे, आणि ज्याला विषय येतो त्याला तो बसमधून उतरण्याआधी सोडवता येईल एवढाच आहे. शिवाय यांनाच का विचारलं, तेही सांगितलंय. शेजारी विरजण मागायला जाताना दूध आपल्या घरी तापवून ठेवावं लागतं, तसा हा तक्ता आहे. तो नसता तर प्रश्नही सुचला नसता. उत्तर आलं नाही तर आठ-दहा दिवसांनी एकदा नम्रपणे आठवण करा आणि मग सोडून द्या. राग धरू नका. लोकांच्या घरी आजारपणं असतात, कामाचे डोंगर असतात.

तुमचं काम अर्धवट आहे म्हणून लाजू नका. 25 ऑगस्ट 1991 रोजी हेलसिंकीतल्या एका एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं मिनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे संगणक चालवणारी मूळ प्रणाली, वापरणाऱ्यांच्या इंटरनेटवरच्या गटात एक छोटी टिपणी टाकली. मी एक ऑपरेटिंग सिस्टीम बनवतोय, फुकट, केवळ हौस म्हणून, ती काही मोठी होणार नाही, अशा अर्थाचं त्यानं लिहिलं. आणि विचारलं की मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं, काय आवडत नाही. तो लिनस टॉरव्हाल्ड्स. त्याच कामातून लिनक्स उभं राहिलं, आणि आज तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन त्याच्याच गाभ्यावर चालतो. प्रत्येकाच्या टिपणीतून लिनक्स निघणार नाही, हे उघड आहे. पण अपुरं काम चारचौघांत ठेवून नेमका प्रश्न विचारणं तुम्हालाही जमण्यासारखं आहे, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

हे फक्त संगणकवाल्यांसाठी नाही. वेल्डिंग शिकणाऱ्या मुलानं आपल्या जोडाचे फोटो टाकावेत. कोणता रॉड वापरला, किती अँपिअर ठेवले, कुठे छिद्र राहिलं, ते खाली लिहावं. सहा महिन्यांनी पहिला आणि शेवटचा फोटो शेजारी ठेवला की कोणत्याही वर्कशॉपच्या मालकाला त्या मुलाचा हात कळतो. असं काम बघणारी चाळीस माणसं त्याच धंद्यातली असतील, तर ती मला चाळीस हजार अनोळखी फॉलोअर्सपेक्षा मोलाची वाटतात. आणि पैसे देऊन फॉलोअर्स विकत घेण्याच्या भानगडीत तर कोणीच पडू नये. ती खाती तुमचं काम बघत नाहीत, आणि जाणकाराच्या नजरेतून ही गोष्ट सुटत नाही.

इंग्रजी येत नाही म्हणून कितीतरी मुलं गप्प बसतात, त्याचं मला फार वाईट वाटतं. मराठी माणसाला मराठीत लिहा. तो बंगळुरूत असो नाहीतर न्यू जर्सीत, मनमाडहून मराठीत आलेला नीटस मेसेज तो वाचतो. जिथे इंग्रजीच लागतं, तिथे छोटी, साधी वाक्यं चालतात.

आता एक काळजीची गोष्ट. तुमच्या नोकरीच्या गरजेवर डोळा ठेवून बसलेले लोक ऑनलाइन भरपूर आहेत. रजिस्ट्रेशन फी, ट्रेनिंग डिपॉझिट, लॅपटॉपचं सिक्युरिटी, अशा नावाखाली नोकरीच्या आधी कोणी पैसे मागितले तर तिथेच थांबा. टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करून रोज हजार रुपये मिळवा, हाही तसाच सापळा. आधी दोन-तीनशे रुपये खरंच देतात, मग तुमचेच हजारो घेऊन पसार होतात. पैसे गेलेच तर लाजून घरी लपवू नका, ताबडतोब 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. जितका लवकर कराल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त. आणि आधार कार्ड, गुणपत्रिका, जन्मतारीख असलं काही खुल्या पानावर टाकू नका. कामाचे नमुने आणि ईमेलचा पत्ता एवढं पुरतं.

मुलींना वेगळं सांगते. कुणी मार्गदर्शन केलं म्हणून त्याच्या रात्री अकराच्या मेसेजला उत्तर देणं तुम्ही लागत नाही. फोटो मागितला, एकटीला भेटायला बोलावलं, तर ब्लॉक करा आणि घरी किंवा शिक्षकांना सांगा. त्यानं एक ओळख गेली तर जाऊ द्या.

शेवटी एक गोष्ट, जी शंभरातली नव्वद मुलं करत नाहीत असं माझं निरीक्षण आहे. उत्तर मिळालं की ती गायब होतात. त्या कांद्याच्या तक्त्याचं घ्या. मॅडमनी लिहिलं की रिकामे दिवस रिकामेच ठेव, आणि बंद का होते तेही शेजारी नोंदव. आता महिन्याभरानं त्या मुलीनं एवढंच लिहावं, "मॅडम, तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. बंद दिवसांची कारणं नोंदवली तेव्हा लक्षात आलं की काही वेळा बाजार उघडल्यावर भाव एकदम हलले आहेत. नवा तक्ता पाठवते आहे." आपण सांगितलेलं कुणीतरी करून बघितलं, हे कळलं की शिकवणाऱ्याला मनापासून बरं वाटतं. पुढच्या वेळी त्यांच्या ऑफिसात आकडे तपासायला कुणी हवं असेल, तेव्हा हे नाव त्यांना स्वतःहून आठवेल. आणि त्या मुलीच्या मागे पहिल्या वर्षाला असलेलं कुणी असाच प्रश्न घेऊन तिच्याकडे आलं, तर तिनंही दोन ओळी लिहाव्यात.

नमस्कार.