घडीचा चाकू: नाव मोठं, धार किती?

(दृश्य: सोलापूर, होम मैदान, गड्ड्याच्या जत्रेची गर्दी, पाळण्याचे दिवे)

माझा पहिला चाकू मी इथंच घेतला, गड्ड्यात, चौथीत असताना. मासोळीच्या आकाराचा, पितळी मुठीचा. पैसे आजोबांनी दिले आणि वर म्हणाले, "आईला सांगू नको." तिसऱ्या दिवशी ऊस सोलताना पातं उलटं मिटलं आणि अंगठ्यावर आलं. त्याची खूण अजून आहे. त्या चाकूत पातं धरून ठेवायला काहीच नव्हतं, नुसता एक खिळा.

त्यामुळं मिटणारा चाकू हातात आला की मी धार नंतर बघतो. आधी बघतो, हा माझ्यावर तर मिटणार नाही ना.

(दृश्य: टेबल, त्यावर चार चाकू)

हे चार. फ्रान्सचा ओपिनेल नंबर ८. स्वित्झर्लंडचा व्हिक्टोरिनॉक्स क्लायंबर. अमेरिकेचे दोन, बक ११० आणि स्पायडर्को पॅरामिलिटरी २. पहिले दोन माझे. अमेरिकन जोडी एका मित्राची, तिकडून येताना चेक-इनच्या बॅगेत आणलेली. तिकडं ओपिनेल वीसेक डॉलरला मिळतो आणि पॅरामिलिटरी दीडशेच्या पुढं जातो. ड्युटी आणि कुरियर भरून इकडं मागवला तर आकडा आणखी फुगतो. म्हणजे सात-आठपट पैसे. त्यात सात-आठपट काय मिळतं, हे बघायला आम्ही निघालो. कायद्याची भीती नव्हती. शस्त्र नियमांत परवाना लागतो तो ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याला, आणि त्यातूनही घरकामाची, शेतीची हत्यारं वगळलेली आहेत. हे चारही लांबीत त्याच्या निम्म्यातसुद्धा बसतात. तरी देवळाच्या दारात खिसे तपासले तर लाज नको, म्हणून सिद्धेश्वराचं दर्शन आधीच उरकून घेतलं.

(दृश्य: मार्केट यार्ड, पहाट, डाळिंबाचे क्रेट)

डाळिंबाच्या गाळ्यावर गिऱ्हाइकाला दाणा दाखवायला फळ फोडतात. मुकुट कापायचा, शिरांवरून चिरा द्यायच्या आणि उघडायचं. चिरा सालीपुरत्याच हव्यात. खोल गेल्या की दाणे फुटतात आणि रस मनगटावर.

इथं ओपिनेलनं सगळ्यांना मागं टाकलं. कारण साधं आहे. त्याचं पातं जेमतेम पावणेदोन मिलिमीटर जाड आणि धारेकडं निमुळतं. पॅरामिलिटरीचं पातं त्याच्या दुप्पट जाड, साडेतीन मिलिमीटरच्या वर. वस्तऱ्यासारखी धार असूनही ते सालीत पाचरीसारखं शिरतं. साल चिरण्याऐवजी फाटते. कांद्यावरही तोच प्रकार, अर्ध्यात गेलं की कांदा टचकन दुभंगतो. पोलाद कितीही भारी असो, कापायचं काम जाडीवर ठरतं, आणि हे जाहिरातीत कुणी लिहीत नाही. ओपिनेलची कथाही त्याच्या पात्याइतकीच साधी. फ्रान्समधल्या सव्हॉयच्या डोंगरात जोसेफ ओपिनेलनं १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी हा चाकू केला. बीचच्या लाकडाची मूठ, एक पातं, एक खिळा. पातं जागेवर अडकवणारं फिरतं कडं १९५५ मध्ये आलं. माझ्या मासोळीला ते कडं असतं तर अंगठा वाचला असता.

दोन तासांनी मात्र ओपिनेलचं पातं काळं पडलं. गाळ्यावरच्या पोरानं विचारलं, "काय करालाय ओ, जाळलाव का चाकू?" जाळला नव्हता. डाळिंबाच्या सालीत टॅनिन भरपूर, आणि टॅनिन लोखंडाला भेटलं की काळा रंग तयार होतो. पूर्वी कापडाला काळा रंग चढवायला हीच जोडी वापरत. माझ्या ओपिनेलचं पातं कार्बन पोलादाचं, त्याला हे चालायचंच. पुसून खोबरेल लावलं की भागतं. ज्यांना ही कटकट नको, त्यांच्यासाठी तोच चाकू स्टेनलेसमध्येही मिळतो. लाकडी मूठ पावसाळ्यात फुगते आणि पातं अडकतं अशी तक्रार सगळीकडं ऐकू येते. सोलापुरात पाऊस पडला तर त्या तक्रारीचा विचार करू.

(दृश्य: चादरीचं गोदाम, गाठी, सुतळी)

गोदामात फळ नाही. इथं सुतळी, प्लॅस्टिकची पट्टी आणि पुठ्ठा. पुठ्ठा दिसायला गरीब, पण त्यात धूळमाती असते आणि ती धार खाते. सकाळभर गाठी सोडल्यावर व्हिक्टोरिनॉक्सची धार आधी मेली, मग बकची. पॅरामिलिटरी दुपारपर्यंत कागद सरळ कापत होता. मित्राच्या या चाकूचं एस-३०-व्ही पोलाद २००१ मध्ये खास चाकूंसाठीच बनवलं गेलं. त्यात व्हॅनेडियम या धातूच्या कार्बाइडचे अतिकठीण कण असतात, आणि झीज सोसतात ते तेच. म्हणजे जादा पैशांचा हा भाग खरा आहे. शिवाय पात्याच्या भोकात अंगठा घालून तो एका हातानं उघडतो. ही युक्ती आणि खिशाची क्लिप स्पायडर्कोनं १९८१ मध्ये बाजारात आणली. आज निम्मे चाकू क्लिप लावून फिरतात.

बक ११०बद्दल थोडक्यात सांगतो. १९६४ पासूनचा हा चाकू, मुठीला पितळी टोकं, सुमारे दोनशे ग्रॅम वजनाचा. विजारीच्या खिशात टाकला की विजार एका बाजूला उतरते. खटका मात्र असा भक्कम, की बंद होताना तिजोरीचा आवाज येतो. बक घराण्याचा मूळपुरुष झिजलेल्या कानशींपासून पाती घडवायचा म्हणे. आपल्याकडचे लोहार ट्रकच्या कमानपाट्याचे कोयते करतात, त्याच जातीची ही अक्कल. चाकू आवडला. पण सोलापूरच्या मे महिन्यात एवढं पितळ अंगावर वागवायला मी काही दागिन्यांचा शौकीन नाही.

राहिला स्विस. त्याचं पातं मुद्दामच जरा मऊ ठेवलेलं असतं. धार लवकर जाते, तशी चहाच्या कपाच्या बुडावर घासली तरी परत येते. त्याला अडकवणारा खटका नाही, नुसती पाठीतली स्प्रिंग. कार्ल एल्सनरनं १८८४ मध्ये कारखाना काढला. गंमत म्हणजे स्विस फौजेच्या शिपाई-चाकूची पहिली खेप जर्मनीतल्या झोलिंगेनहून आली होती, तेव्हा स्वित्झर्लंडात तेवढं काम उचलणारं कुणी नव्हतं. ते काम एल्सनरनं १८९१ पासून मायदेशी आणलं. हा चाकू नावाला जागतो तो पात्यावर नाही, बाकीच्या हत्यारांवर. गोदामातल्या मामांनी बूच काढायचा स्क्रू बघून विचारलं, "हे कशाला?" मी सुतळीच्या घट्ट गाठीत तो खुपसून फिरवला आणि गाठ सैल करून दाखवली. मामांनी पुढच्या सगळ्या गाठी त्याच्यानंच सोडल्या. सुतळी न कापता परत वापरता येते, हा हिशेब त्यांना लगेच कळला.

एक सांगून ठेवतो. पाच वर्षांपूर्वी असाच लाल चाकू मी एका दुकानातून निम्म्या किमतीत घेतला होता. आठवड्यात कात्रीची स्प्रिंग तुटली, महिन्यात पात्याला गंज. नक्कल होती. दुकानदार म्हणाला, "निम्म्या पैशात निम्माच येणार की ओ."

(दृश्य: विजापूर वेशीजवळ सायकलवरचं धारेचं चाक, ठिणग्या)

आता खरी परीक्षा. धार प्रत्येक चाकूची जाते, ती परत कोण लावणार?

धारवाल्या चाचांनी सायकल स्टँडवर चढवली, पायडल मारलं आणि ओपिनेल चाकाला टेकवला. मी घाबरलो. कोरड्या चाकावर पातळ पातं तापतं, निळं पडलं की पोलादाचं पाणी उतरलं समजा. पण चाचांचा हात हलका. दोन फेऱ्या, मग बोटानं गारवा बघायचा, मग पुन्हा दोन फेऱ्या. पाच मिनिटांत नखावर अडकेल अशी धार.

मग पॅरामिलिटरी. ठिणग्या कमी, आवाज वेगळा. चाचांनी पातं उन्हात धरून बघितलं, पुन्हा टेकवलं, पुन्हा बघितलं. "हे आमच्या दगडाला दाद देत नाही," म्हणाले. बरोबरच बोलले. व्हॅनेडियमचे ते कण साध्या दगडापेक्षा कठीण, दगड त्यांच्या भोवतीचं पोलाद खरवडतो आणि कण तसेच राहतात. त्याला हिऱ्याची कणी लावलेली पट्टी लागते. ती वेगळी विकत घ्यायची, आणि हात बसेपर्यंत आपणच झगडायचं. चाचांनी चाकू पुसून परत दिला, पैसे घेतले नाहीत. ओपिनेलचे मात्र घेतले.

(दृश्य: रात्री, हुरड्याची आगटी, गरम कणसं)

मित्राचा फोन आला. "कसा चालला माझा चाकू?" सांगितलं, पुठ्ठ्यात त्याच्या जवळ कुणी येत नाही, डाळिंबात मार खाल्ला. तो जरा गप्प झाला. मग म्हणाला, "डाळिंबावर चालवलास? मी तर तीन वर्षांत कुरियरच्या खोक्यांशिवाय त्याला काही दाखवलंच नाही रे."

इकडं हुरड्याबरोबर कांदा चिरायला कुणीतरी हात पुढं केला. मी कडं फिरवलं आणि काळा पडलेला ओपिनेल दिला.