एकच रस, कधी काकवी कधी गूळ : डोळ्याच्या पडद्यातल्या जीन्सबद्दल

मागच्या रांगेत आवाज येतोय ना? बरं. कोल्हापूरच्या शाहू स्मारकच्या या हॉलमध्ये कॉलेजात असताना मी कितीतरी व्याख्यानं ऐकली, आज मी तुमच्याशी डोळ्याच्या पडद्याबद्दल, म्हणजे रेटिनाबद्दल बोलणार आहे, पण सुरुवात गुऱ्हाळापासून करते कारण माझ्यासाठी हा विषय तिथंच सुरू झाला.

माझं आजोळ पन्हाळा तालुक्यात. दिवाळीनंतर गुऱ्हाळं लागली की रात्री जेवणं उरकून आम्ही सगळी पोरं गरम काकवी खायला जायचो. माझा मामेभाऊ माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा, दिवसा झाडावर चढणारा, पण रात्री बांधावरून चालताना माझ्या फ्रॉकची बाही घट्ट धरून चालायचा. चुलवाणाचा जाळ त्याला लांबून दिसायचा, "ते बघ" म्हणून तोच आधी दाखवायचा, पण त्या जाळापर्यंत जाणारी वाट त्याला दिसायची नाही. घरात आधी म्हणाले पोरगं भित्रं आहे, मग म्हणाले रातांधळं आहे, गाजरं घाला. दोन वर्षं गाजरं घातली. एका डॉक्टरांनी व्हिटॅमिन ए च्या गोळ्या लिहून दिल्या आणि बाहुली मोठी करून पडदा एकदाही बघितला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

जाळ दिसतो आणि वाट दिसत नाही, असं का होतं? आपल्या एका डोळ्याच्या पडद्यात साधारण १२ कोटी रॉड पेशी असतात आणि ६० लाखांच्या आसपास कोन पेशी. रॉड अंधुक उजेडात काम करतात, कोन भरपूर उजेडात, रंग आणि बारीक अक्षर कोनमुळे दिसतं. रेटिनायटिस पिगमेंटोसा हा पडद्याचा आनुवंशिक आजार, ज्याला सगळे आरपी म्हणतात, त्यात आधी रॉड मरतात म्हणून रात्र जाते, मग कडेची नजर जाते, नळीतून बघितल्यासारखं उरतं, आणि शेवटी कोनही जातात, कारण रॉड गेल्यावर कोनही हळूहळू तग सोडतात. माझा मामेभाऊ आज त्या नळीच्या टप्प्यावर आहे.

आता जीन्स, म्हणजे पेशीनं काय बनवायचं ते सांगणारे डीएनएचे तुकडे, आईबापांकडून आलेले. आपल्या शरीरात २०,००० च्या आसपास प्रोटीन बनवणारे जीन्स आहेत आणि ते जवळजवळ प्रत्येक पेशीत जसेच्या तसे असतात, पायाच्या अंगठ्यातल्या कातडीतसुद्धा डोळ्याचे सगळे जीन्स आहेत, मग अंगठ्याला दिसत का नाही? तर तिथं ते बंद आहेत. कुठला जीन कुठं चालू करायचा, कधी आणि किती, हे ठरवणाऱ्या कारभाराला जीन रेग्युलेशन म्हणतात. गुऱ्हाळात काहिलीत रस एकच असतो. गुळव्या थोडं आधी काढा म्हणाला तर काकवी, थांबा म्हणाला तर गूळ, आणि त्याची नजर चुकली तर अख्खी काहील करपली. रस चांगला असून भागत नाही, गुळव्या जाग्यावर लागतो.

पडद्यातला असा एक गुळव्या म्हणजे एनआरएल नावाचा जीन. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून पीएचडी करून अमेरिकेत गेलेले आनंद स्वरूप यांच्या टीमनं तो १९९२ मध्ये शोधला. २००१ मध्ये त्यांनी उंदरांमधून हा एकच जीन काढून टाकला आणि काय झालं, तर त्या उंदरांच्या पडद्यात एकही रॉड तयार झाला नाही, त्या जागी निळा प्रकाश ओळखणाऱ्या कोनसारख्या पेशी आल्या. म्हणजे वाढणाऱ्या पेशीनं स्वतःहून कोन व्हायचं असतं, एनआरएल येऊन सांगतो की थांब, तू रॉड हो. मग तो सीआरएक्स, एनआर२ई३ अशा जोडीदार जीन्सना घेऊन उजेड टिपणाऱ्या ऱ्होडॉप्सिनपासून रॉडला लागणारे जीन्स चालू करतो. मला स्वतःला जीवशास्त्रात याहून सुंदर प्रयोग क्वचितच दिसलाय.

दुसरं उदाहरण, ज्यानं माझा विचार बदलला. काही मुलग्यांना जन्मापासून लाल आणि हिरवा रंग कळत नाही, उजेड सोसत नाही, नजरही कमी असते. ब्लू कोन मोनोक्रोमसी म्हणतात. अमेरिकेतले शास्त्रज्ञ जेरेमी नेथन्स यांच्या टीमनं १९८९ मध्ये अशा घराण्यांचा डीएनए तपासला तर काहींमध्ये लाल आणि हिरव्याचे दोन्ही जीन्स जाग्यावर होते आणि त्यांच्या अलीकडचा छोटा तुकडा, जो स्वतः कुठलंच प्रोटीन बनवत नाही, तो गायब होता. तो तुकडा म्हणजे त्या दोन जीन्सचा स्विच. घरातला बल्ब शाबूत आणि भिंतीतलं बटणच कुणीतरी काढून नेलंय. आपण इतकी वर्षं फक्त बल्ब तपासत होतो!

तर आता मुद्द्याची गोष्ट, बिघडलेल्या जीनच्या जागी चांगला जीन घालता येतो का. येतो, आणि आनुवंशिक आजारावर थेट शरीरात जीन घालायच्या उपचाराला अमेरिकेत पहिली मान्यता मिळाली ती डोळ्यासाठीच. डोळा का? तो छोटा आहे, औषध थोडंसं पुरतं, बाहेरून आत बघता येतं, शरीराची प्रतिकारशक्ती तिथं जरा नरमाईनं वागते, आणि एका डोळ्यात औषध घातलं की दुसरा तुलनेला असतोच.

आरपीई६५ नावाचा जीन आहे. पडद्यामागच्या पेशीत तो एक एन्झाइम बनवतो, आणि वापरून झालेल्या व्हिटॅमिन ए ला परत कामाच्या रूपात आणायची मधली महत्त्वाची पायरी त्या एन्झाइमची. हा जीन बिघडला की गाजर कितीही खा, व्हिटॅमिन ए डोळ्यापर्यंत पोचतं पण पुढं काहीच होत नाही, रॉड उपाशी बसतात. (व्हिटॅमिन ए च्या कमतरतेनंही रातांधळेपणा येतो आणि तो डोस दिल्यावर बरा होतो, लहान मुलांचे सरकारी डोस चुकवू नका. पण दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. आणि पडद्याच्याच स्टारगार्ट नावाच्या आजारात तर जादा व्हिटॅमिन ए उलट अपाय करतं, म्हणून निदान झाल्याशिवाय गोळ्या नकोत.) ब्रियार्ड जातीच्या कुत्र्यांमध्ये हाच बिघाड निसर्गतः सापडला. २००१ मध्ये अशा जन्मांध कुत्र्यांच्या पडद्यामागं चांगला जीन घातला आणि ती कुत्री बघायला लागली. जीन बेनेट (इथं जीन हे बाईंचं नाव) आणि अल्बर्ट मॅग्वायर हे शास्त्रज्ञ नवराबायको त्या कामात होते, त्यातली दोन कुत्री त्यांनी पुढं घरी पाळली.

जीन आत न्यायला एएव्ही नावाचा निरुपद्रवी व्हायरस वापरतात, त्याचा स्वतःचा माल काढून आपला भरायचा. ऑपरेशनमध्ये डोळ्यातला जेलीसारखा भाग काढतात, मग केसासारख्या बारीक सुईनं पडद्याखाली ०.३ मिली द्रव सोडतात, तिथं फुगा येतो आणि एकदोन दिवसांत तो जिरतो. एवढ्याशा थेंबात १५,००० कोटी व्हायरस कण असतात. माणसांवरच्या पहिल्या चाचण्यांचे निकाल २००८ मध्ये आले, मोठी चाचणी ३१ जणांवर झाली, आणि डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत लक्स्टर्ना या नावानं औषधाला मान्यता मिळाली. त्या चाचणीत पेशंटना अडथळ्यांच्या वाटेवरून कमी कमी उजेडात चालायला लावायचे. मी ते व्हिडिओ पहिल्यांदा बघितले तेव्हा मला तो बांध आठवला आणि पुढचं काही दिसेना, डोळे भरून आले होते.

पण औषध बाजारात आलं तेव्हा किंमत दोन्ही डोळ्यांची साडेआठ लाख डॉलर, म्हणजे तेव्हाचे पाच कोटींच्या वर. आणि ते फक्त आरपीई६५ च्या दोन्ही प्रती, म्हणजे आईकडून आलेली आणि बापाकडून आलेली, बिघडलेल्या पेशंटला चालतं, तेही पडद्यात जिवंत पेशी उरल्या असतील तरच. मेलेली पेशी जीन घालून उठत नाही. शिवाय काही चाचण्यांमध्ये काही वर्षांनी सुधारणा ओसरतानाही दिसली, पेशी मरायची थांबली नव्हती. हे सगळं मी मुद्दाम सांगते, कारण अर्धी गोष्ट सांगून लोकांना आशेला लावणं मला पाप वाटतं.

माझ्या मामेभावाची जीन टेस्ट आम्ही केली, यूएसएच२ए नावाचा जीन बिघडलेला निघाला. या जीनचा प्रोटीन बनवणारा मजकूरच १५,६०० अक्षरांचा आणि एएव्हीच्या पोटात मावतात ४,७०० च्या आसपास, म्हणजे टेम्पोत ट्रकचा माल. मग आता त्याच्यासाठी काय? तर इथं गुळव्या परत येतो. आरपी ८० पेक्षा जास्त जीन्समुळं होतो, प्रत्येकाला वेगळं औषध करत बसलो तर पिढ्या जातील, म्हणून काही शास्त्रज्ञ म्हणाले जीन दुरुस्त करण्याऐवजी कारभारच बदलू. पूर्ण वाढ झालेल्या उंदरांमध्ये एनआरएल बंद केला तर रॉड थोडे कोनसारखे वागायला लागतात आणि मरणं लांबतं, २०१७ मध्ये क्रिस्पर या जीन कापायच्या तंत्रानं हे करून दाखवलंय. एनआर२ई३ चा जादा डोस देऊन आरपी थोपवता येतो का हे माणसांवर तपासणंही चालू आहे. माझी सगळ्यात जास्त आशा या वाटेवर आहे. क्रिस्पर थेट माणसाच्या डोळ्यात पहिल्यांदा २०२० मध्ये वापरलं, सीईपी२९० या जीनच्या बिघाडासाठी, १४ पैकी ११ जणांच्या कुठल्या ना कुठल्या तपासणीत सुधारणा दिसली, त्यावर वेगळं व्याख्यान लागेल.

घरातली एक गोष्ट बोलायलाच पाहिजे. माझ्या मामानं त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी केली होती. आपल्याकडं मामाची पोरगी करायची रीत जुनी आहे, नात्यात जमीन राहते, पोरगी ओळखीच्या घरात पडते, मी कुणाला दोष देत नाही. पण असा आजार दोन बिघडलेल्या प्रती एकत्र आल्या तरच होतो, एक असेल तर माणूस ठणठणीत असतो आणि त्याला पत्ताही नसतो, आणि नात्यात तीच बिघडलेली प्रत दोन्हीकडं असायची शक्यता बरीच वाढते. दोघं वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात ४ पैकी १ शक्यता. मामाच्या नातीचं स्थळ नात्यातच ठरत होतं, रिपोर्ट बघून मामीनंच नको म्हटलं. तिला जे कळलं त्यासाठी तिला कुठल्या शास्त्राची गरज पडली नाही, तिनं दोन पोरांना रात्री हात धरून नेलेलं होतं.

प्रश्न आलाय, ताई उभ्या राहा. मुलगा नऊ वर्षांचा, संध्याकाळी ठेचकाळतोय, गावातून सांगतायत की अमुक ठिकाणी स्टेम सेलचं इंजेक्शन आहे, चार लाख. ताई, ते इंजेक्शन घेऊ नका. अमेरिकेत अशाच पैसे घेऊन दिलेल्या इंजेक्शननं तीन बायकांची उरलेली नजर गेल्याचं २०१७ मध्ये छापून आलंय. खरी चाचणी पेशंटकडून औषधाचे पैसे घेत नाही, आणि ती सरकारच्या सीटीआरआय या नोंदणीत असते, फोनवर बघता येतं. आधी पडदा तपासून घ्या, ओसीटी म्हणजे पडद्याच्या थरांचा फोटो आणि ईआरजी म्हणजे पडद्याच्या विजेच्या प्रतिसादाची तपासणी करा, मग तुम्हा नवराबायकोचं आणि मुलाचं रक्त देऊन जीन टेस्ट, रिपोर्ट समजावून सांगणारा जेनेटिक काउन्सेलर मागा. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद आय इन्स्टिट्यूटला, चेन्नईच्या शंकर नेत्रालयला हे काम होतं. तोवर शाळेत सांगून पहिल्या बाकावर बसवा, चांगली टॉर्च द्या, आणि भित्रा म्हणू नका त्याला. फाईल आणलीय? या इकडं पुढं, माईक बंद करून बसून बघू.