पुडीवरचं लांबलचक नाव

डिसेंबरची संध्याकाळ. यवतमाळ जिल्ह्यातलं एक गाव. दिवसभर कापूस वेचून बाया घरी आल्या आहेत. अंगणातल्या चुलीवर पाणी तापतंय. आजी नातीची वेणी सोडते. केसांत धूळ, वाळक्या पानांचा चुरा. फणी मधेच अडकते, पोर कळवळते. शेवटी दुकानातून आणलेली शॅम्पूची पुडी फाडली जाते.

पुडीमागच्या बारीक अक्षरांतलं एक नाव नात अडखळत वाचते: ग्वार हायड्रॉक्सीप्रोपिलट्रायमोनियम क्लोराइड.

“हे काय व्हय वं पोरी?” आजी घाबरून विचारते.

पहिलाच शब्द नीट ऐका. ग्वार म्हणजे आपली गवार, परसातल्या वाफ्यातली. शेंग जून झाली की आत टणक बी धरतं आणि त्या बियांत डिंक असतो. कारखान्यांना लागणारी गवार मुख्यतः राजस्थानात पिकते.

नुसता डिंक केसांना फारसा धरत नाही, पाण्याबरोबर वाहून जातो. ओल्या केसावर ऋण विद्युतभार असतो, झिजलेल्या टोकांवर तर जास्तच. ऋण आणि धन भार एकमेकांना ओढतात, म्हणून कारखान्यात रासायनिक प्रक्रिया करून डिंकाला धनभार देतात. नावाचं ते लांब शेपूट याच प्रक्रियेचं. आपण डोक्यावर तांब्या ओततो, फेस पातळ होतो आणि नेमका तेव्हाच हा डिंक केसांवर पातळ थर धरून बसतो. गुंता सुटतो तो त्या थरामुळे.

शंभर ग्रॅम शॅम्पूत हा डिंक सहसा अर्ध्या ग्रॅमहूनही कमी असतो. सौंदर्यप्रसाधनांतले घटक तपासणाऱ्या अमेरिकेतल्या तज्ज्ञ समितीनं प्रसाधनांतला त्याचा वापर सुरक्षित ठरवला आहे. तरीही डोळ्यांत फेस गेला तर साध्या पाण्यानं धुवा. डोकं खाजलं, पुरळ उठलं, तर ती पुडी थांबवा. त्या त्रासाचं कारण शॅम्पूतला सुगंध किंवा दुसरा एखादा घटकही असू शकतो. आणि या डिंकानं केस वाढत नाहीत, गळायचेही थांबत नाहीत. तसं कुणी सांगून जास्त पैसे मागितले, तर देऊ नका.

खरी काळजी वाटते ती कारखान्यातल्या कामगारांची. गवारीच्या डिंकाची कोरडी भुकटी रोज श्वासातून आत गेली, तर काहींना दमा जडतो. तिथं तोंडाला साधं फडकं बांधून भागत नाही.

न्हाणं झालं. आजी आतून चिंधीत बांधलेलं बियाणं आणते, गाठ सोडते आणि नातीच्या ओल्या तळव्यावर गवारीचे चार दाणे ठेवते.