साडेत्रेसष्ट अंश

दुपारचे बारा. बाहेर ऊन रणरणतंय आणि पहिल्या मजल्यावरच्या या खोलीत ट्यूबलाइट चालू आहे. बंद केली तर निवडायला घेतलेल्या तांदळातला खडा दिसत नाही. खिडकी आहे, पण ती सहसा उघडत नाहीत. वरून कचरा पडतो, आणि समोरच्या घरातलं भांडण आपल्याच घरात चाललंय असं वाटतं.

हे गोवंडीचं नटवर पारेख कंपाउंड. रस्ता, रेल्वे अशा प्रकल्पांमध्ये ज्यांच्या झोपड्या तुटल्या, त्यांना इथं घरं मिळाली. 225 चौरस फूट. घरातच नळ, घरातच संडास. पहाटे डबा घेऊन रांगेत उभं राहिलेल्या बाईला विचारा, हे केवढं मोठं आहे ते. पण सात मजली इमारती उभ्या केल्या, आणि मधे जागा सोडली जेमतेम तीन मीटर.

हे गणित मुंबईला कधीकाळी चांगलं येत होतं. 1896 मध्ये शहरात प्लेग शिरला. दाटीवाटीच्या, अंधाऱ्या खोल्यांकडे तेव्हा कुठे सरकारचं लक्ष गेलं आणि 1898 मध्ये शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था स्थापन झाली. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो हे तेव्हा नीट ठाऊक नव्हतं. निदान चुकलं, पण त्यातून आलेला एक नियम शहाणपणाचा होता. साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. सोप्या भाषेत, समोरची भिंत जितकी उंच, त्याच्या निम्मी जागा खिडकीपुढे मोकळी हवी. भिंत वीस मीटर, तर मोकळी जागा दहा.

इथं ती तीन आहे.

2018 मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था आणि आयआयटी मुंबईच्या अभ्यासकांनी या भागातल्या पुनर्वसन वसाहती तपासल्या. क्षयरोगाचा धागा थेट इमारतींच्या रचनेशी जुळला. ऊन नाही, हवा खेळत नाही, त्यात खालचे मजले जास्त भोगतात. औषधं मिळतात. पण गोळी घेऊन माणूस परत त्याच खोलीत निजतो.

घर फुकट दिलं, आता आणखी काय हवं, असं म्हणणारे भेटतात. त्यांनी इथं एक दुपार काढावी.

साडेबारा वाजले. दोन इमारतींच्या फटीतून उन्हाचा एक पट्टा खाली उतरलाय. एक आजी प्लास्टिकची खुर्ची घेऊन त्यात बसल्यात. पट्टा सरकतो, तशी त्या खुर्ची सरकवतात. चौथ्यांदा सरकवली, तेव्हा पाठ भिंतीला लागली.