गोटी ऐकताना

नमस्कार श्रोतेहो. आज गोटीबद्दल बोलायचंय. गोटी वरून सुटते, तारेच्या रुळावरून घरंगळते, वाटीवर टण्णकन आपटते, नरसाळ्यात गरगरते आणि खाली येते. साखळी तिला उचलून पुन्हा वर नेते. बस, एवढंच यंत्र. त्यातून काही तयार होत नाही, पण समोरचा माणूस जागचा हलत नाही.

कारण सगळं उघडं असतं. गोटी का वळली, का थबकली, ते डोळ्यांदेखत घडतं. ताकद फक्त उंचीची. रुळाचा उभा गोल फेरा 10 सेंटिमीटर उंच असेल, तर हिशेबाने गोटी निदान साडेतेरा सेंटिमीटरवरून सोडावी लागते, आणि तारेवर त्याहूनही वरून. लक्षात ठेवा, फेऱ्यापेक्षा सुरुवात उंच हवी.

जॉर्ज ऱ्होड्स या अमेरिकन कलावंताने 1983 मध्ये न्यूयॉर्कच्या बसस्थानकात असं मोठं यंत्र उभारलं. आपल्या नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरही एक हवं, असं मला मनापासून वाटतं. गाडीची वाट बघणाऱ्याला जाहिरातींशिवाय काहीतरी बघायला मिळायला नको का?

आता आमच्या मामांची गोष्ट. सातपूरला टर्नर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर पंचवटीतल्या वाड्याच्या ओसरीवर यंत्र मांडलं. तांब्याची तार, सायकलची साखळी, भंगारातली वायपरची मोटर आणि गोट्या म्हणून बेअरिंगचे मोठे छर्रे. सगळं जमलं, पण तिसऱ्या वळणावर गोटी उडायची. दरवेळी नाही, चार-पाच फेऱ्यांत एकदा. ओसरीवरून टपटप अंगणात.

आठ दिवस मामा त्या वळणाशी झुंजले. बाहेरची तार उचलली. वळण रुंद केलं. उतार कमी केला, तर गोटी वाटीपर्यंत पोचेना. उतार हवाच, पण बेताचा. मामांचं जेवणात लक्ष नव्हतं.

नवव्या दिवशी मामी आमच्याकडे पाठ करून मेथी निवडत होती. म्हणाली, "अहो, ती वळणावर नाही चुकत. आधीच चुकते."

"अगं, तू बघतेस कुठे?"

"बघत नाही, ऐकतेय. सरसर येते, मग टिक्, मग क्षणभर काहीच नाही. तिथे ती तारेवर नसतेच."

मामांनी पंखा बंद केला. आम्ही श्वास रोखून बसलो. सरसर, टिक्, आणि शांतता. खरंच! मामांनी तारेवरून बोट फिरवलं. वळणाच्या वीतभर आधी, जोडावर, सोल्डरचा मोहरीएवढा थेंब वर आलेला. त्यावर गोटी उसळायची आणि वळणावर तिरकी पडायची. दोष वळणात नव्हताच, श्रोतेहो, वळणाच्या आधी होता.

कानस घेऊन थेंब घासला. चाळीस फेऱ्या मोजल्या, एकही गोटी पडली नाही. लाकडी ओसरीत तो आवाज असा घुमत होता की शेजारचे आपणहून आले. काँक्रीटच्या घरात तसा नाद येत नाही. वाडे पाडताना हे कुणी मोजत नाही, याचं मला वाईट वाटतं.

मामा घाम पुसत होते. मामीने मेथीची दुसरी जुडी सोडली, जरा वेळ ऐकलं आणि म्हणाली, "अहो, ती वाटी मात्र बदला. पितळेची घ्या. ही बद्द वाजते."