क्रेटच्या काठावर

(दृश्य : पहाट. रत्नागिरीतली मिरकरवाडा जेटी. ट्रॉलरमधून क्रेट उतरतायत.)

निळे, पिवळे, लाल. एकावर एक चढलेले क्रेट. कुठे बांगडा, कुठे तारली, मधूनच एखादी सुरमई, आणि वर फावड्याने ओढलेला बर्फाचा चुरा. क्रेट काट्यावर जातो, बोली लागते, टेम्पोत चढतो, घाट ओलांडून दूरच्या बाजारात पोचतो. मासळी संपते. रिकामा क्रेट मात्र मालकाकडे परत यायला हवा. तो कुणाचा, हे सांगायला बाहेरून ऑइलपेंटने काढलेली दोन अक्षरं असतात, आणि घासून-धुऊन ती फिकट होत जातात.

(दृश्य : तळहातावर टॅग, अगदी जवळून.)

त्या अक्षरांच्या जागी बसायला आलेला हा आरएफआयडी टॅग, म्हणजे रेडिओलहरीने क्रेटचा क्रमांक सांगणारी पट्टी. लांबी नऊ सेंटीमीटर, रुंदी दोन. पारदर्शक फिल्मवर ॲल्युमिनियमची नागमोडी रेघ, आणि मधोमध एक काळा ठिपका. तो ठिपका म्हणजे चिप. खसखशीच्या दाण्याहून लहान. यात बॅटरी नाही. रीडर म्हणजे टॅग वाचणारं यंत्र. त्याच्या अँटेनातून रेडिओलहर येते, तिच्यातली चिमूटभर ऊर्जा ही रेघ, म्हणजे टॅगची अँटेना, गोळा करते आणि चिप जागी होते. तिला लागतात साधारण १० मायक्रोवॅट, म्हणजे एका वॅटचा एक लाखावा भाग. जागी झालेली चिप स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. समोरून आलेली लहर परत फिरते, ती कमीजास्त करते, एवढंच. उन्हात आरसा धरून भिंतीवर कवडसा पाडायचा आणि आरसा हलवून खूण करायची, तसं. हॅरी स्टॉकमन यांनी १९४८ सालीच परावर्तित लहरीवर संदेश पाठवण्याचा शोधनिबंध लिहिला होता. तो आरसा खसखशीएवढा व्हायला पुढची काही दशकं गेली.

(दृश्य : संगणकाचा पडदा. अँटेनाचं रेखाटन.)

भारतात या कामासाठी ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला. रीडरची शक्ती जास्तीत जास्त एक वॅट, अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती चार वॅट. ८६६ मेगाहर्ट्झला लहरीची लांबी भरते ३४.६ सेंटीमीटर. अर्ध्या लहरीची सरळ अँटेना १७ सेंटीमीटरची होईल. क्रेटच्या कडेला एवढी सलग, सपाट जागा नसते. म्हणून रेघ नागमोडी. दोन्ही हात आत दुमडत आणायचे, टोकांना रुंद पट्ट्या ठेवायच्या. जितकं दुमडाल तितका वारंवारतेचा पट्टा अरुंद होतो आणि वाचण्याचं अंतर घटतं. नऊ सेंटीमीटरच्या खाली उतरण्याचा मोह इथे टाळला आहे.

खरी मेख चिपला लागून असलेल्या रेघेच्या छोट्या चौकटीत आहे. चिपचा रेझिस्टन्स साधारण १५ ते ३० ओहम, आणि तिच्या कपॅसिटन्समुळे (वीज साठवण्याच्या गुणामुळे) येणारा रिॲक्टन्स, म्हणजे बदलत्या विजेला होणारा अडथळा, उणे १५० ते २०० ओहम. अँटेनाने याच्या नेमका उलट, म्हणजे अधिक १५० ते २०० ओहम द्यायचा. दोन्ही एकमेकांना पुसतात आणि आलेली शक्ती चिपमध्ये शिरते. एक पिकोफॅरडच्या आसपासची चिप असेल तर तो पुसायला चौकटीत सुमारे ३४ नॅनोहेन्रीचा इंडक्टन्स लागतो. तो मिळवायचा चौकटीची लांबी-रुंदी बदलून, अर्ध्या अर्ध्या मिलिमीटरने. रेडिओच्या केबल-उपकरणांचं नेहमीचं माप पन्नास ओहम. त्यावर वाढलेला माणूस इथे हमखास चुकतो. टॅगमध्ये पन्नास ओहम कुठेच नाहीत.

(दृश्य : कटिंग प्लॉटर. ब्लेड तांब्याच्या फॉइलवर फिरतंय.)

हा प्लॉटर ओळखीचा वाटेल. गाड्यांवरच्या अक्षरांचं रेडियम याच्यावरच कापतात. कोकणातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी असं एक तरी दुकान सापडतं. नमुन्याची अँटेना बनवायला तेवढं पुरतं. रेडियमच्या जागी चिकट पाठीची तांब्याची फॉइल, ब्लेडचा दाब थोडा वाढवलेला, वेग कमी केलेला. वेग जास्त ठेवला की नागमोडीच्या वळणावर फॉइल उचलली जाते आणि कोपरा फाटतो. एक मिलिमीटरपेक्षा बारीक रेघ इथे नीट निघत नाही. म्हणून नमुन्यातली रेघ जाड ठेवून आधी मापं पक्की करायची, बारीक रेघ नंतर कारखान्यात. चिप सुटी चिकटवणं हाताने शक्य नाही. ती पट्टीवर बसवलेली मिळते, दोन बाजूंना धातूचे पंख असलेली. पंखांखाली कंडक्टिव्ह गोंदाचा एकेक थेंब, झाला टॅग. सकाळी काढलेलं रेखाटन दुपारी क्रेटवर लागतं. परदेशातून तयार टॅग मागवला तर ही मुभाच राहत नाही. आलं तेच निमूट चिकटवायचं.

(दृश्य : शेडच्या अंगणात क्रेट. समोर तिकाटण्यावर रीडरची अँटेना.)

आता चाचणी. रीडरची शक्ती अगदी खालून सुरू करून अर्ध्या डेसिबलच्या (शक्ती किती पट झाली ते मोजणारं माप) पायरीने चढवायची, आणि कुठल्या पायरीला टॅग पहिल्यांदा उत्तर देतो ते टिपायचं. टॅगला सहा डेसिबल जास्त लागले की वाचण्याचं अंतर निम्मं होतं.

रिकामा, कोरडा क्रेट. टॅग बाजूच्या भिंतीवर, मधोमध. आठ मीटरवरून वाचतो.

क्रेट बर्फाने भरला. फरक किरकोळ. अनेकांना इथेच आश्चर्य वाटतं. बर्फ घट्ट, कोरडा असेपर्यंत या लहरींना फारसा अडवत नाही.

मासळी आत गेली, बर्फ सुटायला लागला, खारं पाणी भिंतीला लागलं. अंतर दीड मीटर.

समुद्राच्या पाण्यात या लहरीचं क्षेत्र एका सेंटीमीटरभरात एक-तृतीयांशावर येतं. शिवाय पाणी अँटेनाची वारंवारताच खाली ओढतं. ८६६ला जुळवलेला टॅग ओल्या भिंतीवर भलतीकडेच बोलायला लागतो आणि रीडर मात्र ८६६वरच कान लावून बसलेला असतो. नुसतं कोरडं प्लास्टिकसुद्धा वारंवारता बऱ्यापैकी खाली उतरवतं. म्हणून हा टॅग हवेत मोजला तर मुद्दाम वर, ९००च्याही पुढे जुळलेला दिसेल. क्रेटवर बसला की तो जागेवर येतो.

(दृश्य : टोल नाका. गाडीच्या काचेवरचा फास्टॅग.)

फास्टॅगचंही हेच आहे. तो काचेसाठी आखलेला असतो, काच धरूनच त्याचं गणित जुळतं. सुटा हातात धरला तर हवा तसा वाचला जात नाही.

(दृश्य : न्हावा-शेवा. कंटेनरची रांग.)

आणि इथे, न्हावा-शेवा बंदरात, कंटेनरच्या मागावर राहण्यासाठी २०१६पासून असेच टॅग वापरात आहेत. तिथला शत्रू पोलाद. धातूला चिकटलेल्या साध्या टॅगची लहर धातूतल्या उलट्या प्रवाहाने मारली जाते. त्याला मधे जाड थर द्यावा लागतो. बंदर एकाच किनाऱ्यावरचं, पण तिथला टॅग मासळीच्या क्रेटला चालणार नाही.

(दृश्य : परत क्रेट. बोट काठावरून फिरतंय.)

तर उपाय काय? जागा बदलणं. मासळी आणि पाणी क्रेटच्या पोटात असतं. वरचा काठ, जिथे हात घालून क्रेट उचलतात, तो पाण्याच्या पातळीच्या वर राहतो. टॅग तिथे, बाहेरच्या अंगाला. काठाच्या खालच्या खाचेत तो बसतो आणि रचलेल्या क्रेटची धडक त्याला लागत नाही. खाली चार मिलिमीटरचा फोमचा थर, बंद कप्प्यांचा. उघड्या कप्प्यांचा फोम पाणी पितो आणि थर देण्याचा हेतूच बुडतो. एवढ्या बदलाने ओल्या, भरलेल्या क्रेटवर अंतर पुन्हा चार मीटरवर आलं.

(दृश्य : कारखाना. रुळावरून सरकणारी चकचकीत फिल्म.)

हे यंत्र किनाऱ्यावर नाही, घाटावर आहे. ५० मायक्रॉनची पॉलिस्टर फिल्म, तिच्यावर ९ मायक्रॉनचं ॲल्युमिनियम चिकटवलेलं. छपाईच्या रुळाने अँटेनाचा आकार शाईत उमटतो, पुढच्या टाकीत शाईबाहेरचं ॲल्युमिनियम विरघळतं, त्यापुढच्या टाकीत शाई धुतली जाते. रोल धावत राहतो. टाकीत फिल्म रेंगाळली तर रेघा आतून खाल्ल्या जातात, चौकटीचं माप बदलतं आणि अख्ख्या रोलची वारंवारता सरकते. म्हणून दर काही मीटरला एक तुकडा भिंगाखाली जातो.

(दृश्य : शेडमधलं छोटं प्रेस. सिरिंजमधून पेस्टचा ठिपका.)

चिप बसवण्याचं काम, लहान लॉटचं, इथेच होतं. आठ इंची वेफरवर, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर, लाखाहून जास्त चिप असतात. अँटेनाच्या मधल्या फटीत पेस्टचा एक ठिपका. या पेस्टमध्ये धातूचे सूक्ष्म कण असतात. दाब फक्त वरून-खाली पडतो, त्यामुळे वीज वरून-खाली वाहते, आडवी नाही. चिप उलटी ठेवायची, दोन सोन्याचे उंचवटे दोन पट्ट्यांवर. मग तापलेली दांडी वरून टेकते. १८० अंश सेल्सिअसच्या आसपास, आठेक सेकंद, दाब एक-दोन न्यूटन. दाब जास्त झाला तर चिपला केसाएवढी चीर जाते. उष्णता कमी पडली तर पेस्ट अर्धीकच्ची राहते, आणि हा दोष जास्त वाईट, कारण टॅग त्या दिवशी चाचणीत पास होतो. जूनमध्ये हवेत ओल भरली की तोच टॅग मुका होतो.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते. पेस्ट उणे ४० अंशाला साठवतात. बाहेर काढलेली सिरिंज तशीच उघडली तर कोकणातली दमट हवा क्षणात तिच्यावर पाणी धरते. ते पाणी पेस्टमध्ये उतरतं आणि १८० अंशाला त्याची वाफ होऊन जोडात पोकळ्या राहतात. म्हणून सिरिंज बंद पिशवीत ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. घाई इथे करायची नाही, लॉट कितीही अडला तरी. खोलीत डीह्युमिडिफायर असतोच. मात्र हवा फार कोरडी केली की फिल्मचा रोल सुटताना स्थिर वीज साठते, आणि एका ठिणगीत चिप जाते. त्यामुळे आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास, रोलजवळ स्थिर वीज घालवणारा आयनायझर, आणि मनगटाला अर्थिंगची पट्टी.

(दृश्य : उन्हात ठेवलेले दोन टॅग. एक पांढुरका पडलेला.)

हा पांढुरका टॅग उघड्या कडेचा. ९ मायक्रॉन ॲल्युमिनियमला खारी हवा कडेकडून पोखरते. आधी बारीक ठिपके, मग रेघ तुटते. दुसऱ्याला चारी बाजूंनी तीन मिलिमीटरची बंद कड सोडली आहे आणि वरून प्लास्टिकचं कवच अल्ट्रासॉनिक कंपनांनी वितळवून जोडलंय. चिकटवून चालत नाही. क्रेटचं पॉलिथिलीन कुठल्याही गोंदाला सहसा धरत नाही, आणि धुलाईच्या जेटपुढे लेबल उडून जातं. म्हणून रिव्हेट. तेही नायलॉनचे. स्टीलचा रिव्हेट गंजतो, आणि अँटेनाच्या टोकाजवळ आला तर तिची जुळणीही बिघडवतो.

(दृश्य : ॲल्युमिनियमचा चौकोनी पत्रा. कात्री दोन कोपरे तिरके छाटते.)

हे रीडरच्या अँटेनाचं पान. साधारण १५ सेंटीमीटरचा चौकोन, मागच्या पत्र्यापासून दहा मिलिमीटर हवेत उचललेला. समोरासमोरचे दोन कोपरे छाटले की लहर गोल फिरत बाहेर पडते. क्रेट आडवा असो, उभा असो, वाचला जातो. बदल्यात निम्मी शक्ती सोडावी लागते, आणि जेटीवर ती सोडणंच परवडतं. कुणी क्रेट सरळ धरून चालत नाही. शक्ती वाया जाते ती भलतीकडेच, केबलमध्ये. बारीक, स्वस्त केबल सहा मीटर वापरली की अर्धी शक्ती केबलच खाते. जाड केबल घ्यावी, कनेक्टरवर रबरी टेप ताणून गुंडाळावी. दोरीच्या गाठीसारखा तोही दर मोसमात तपासावा लागतो.

क्रेट भंगारात निघाला की टॅग रिव्हेट तोडून वेगळा काढायचा, नाहीतर ॲल्युमिनियम वितळलेल्या प्लास्टिकमध्ये जातं. वहीत मोजणी करणाऱ्या माणसाचं कामही यात बदलतं.

(दृश्य : ट्रॉलीवर पाच क्रेटची थप्पी. दोन अँटेनांमधून जाते. पडद्यावर आकडे.)

पाच क्रेट. रीडर सेकंदाला शंभराहून जास्त टॅग वाचू शकतो, त्यामुळे पाचांचे क्रमांक एकदम यायला हवेत.

चार आले.

तिसरा राहिला. त्याचा टॅग शेजारच्या ओल्या क्रेटला टेकून होता, मधे फट नव्हती. थप्पी फिरवली, तो वाचला, पण जेटीवर थप्पी फिरवायला कुणाला वेळ नसतो. म्हणून पुढच्या लॉटला प्रत्येक क्रेटवर दोन टॅग, दोन्ही आखूड बाजूंना, एकाच क्रमांकाचे. आणि काठाखालची खाच चार मिलिमीटरऐवजी सहा मिलिमीटर खोल. साच्याचं रेखाटन पडद्यावर आहे ते तेच.