घरातला कोळी: घाबरण्याआधी नीट बघा
हा छताच्या कोपऱ्यात उलटा लटकलाय बघा. पाय केसासारखे बारीक आणि लांबच लांब, अंग सेंटीमीटरभर पण नाही, हा फोल्कस. जाळ्याला जरा धक्का द्या, आता कसा गदागदा हलतोय, इतका फास्ट की डोळ्यांना नुसतं धूसर दिसतं, बस्स, ओळख पटली. याच्याबद्दल एक फॉरवर्ड फिरत असतं, जगात सगळ्यात विषारी हाच पण दात छोटे म्हणून माणसाला चावत नाही वगैरे, तर ते साफ खोटंय. उलट हा दुसऱ्या कोळ्यांनाच जाळ्यात गुंडाळून खातो, मग जळमटं दिसतात म्हणून याला मारायचं का ते तुमचं तुम्ही ठरवा.

आता जरा मोठा गडी. रात्री लाइट लावला आणि भिंतीवर तळहाताएवढा कोळी दिसला की किंचाळायला होतं, कबूल, पण अंग चपटं असेल, पाय खेकड्यासारखे बाजूला पसरलेले असतील आणि आसपास जाळं नसेल तर तो बहुतेक हंट्समन, उबदार हवेच्या देशांत सगळीकडे सापडतो. झुरळं पळत जाऊन धरतो. कधी पोटाखाली पांढरट चपटी चकती घेऊन फिरताना दिसेल, ती मादी, चकतीत अंडी असतात आणि पिल्लं निघेपर्यंत ती खाली ठेवत नाही. हातात दाबून धरलीत तर चावेल, दुखेल पण, धोका मात्र नाही.

खिडकीत टुणटुण उड्या मारणारा छोटा तर कुणीही ओळखेल. समोर चार डोळे, मधले दोन टपोरे, बोट हलवलं की चक्क वळून बघतो (माझा सगळ्यात आवडता).

रंगावरून मात्र ठरवू नका. रिक्लूज नावाच्या विषारी कोळ्याच्या पाठीवर व्हायोलिनसारखा डाग असतो म्हणतात, पण फोल्कसच्या पाठीवरही तसाच गडद डाग दिसतो आणि लोक उगाच घाबरतात. खरा फरक डोळ्यांत, रिक्लूजला सहाच, दोन-दोनच्या तीन जोड्या, आणि बहुतेक कोळ्यांना आठ. म्हणून फोटो काढाल तर वरून नको, समोरून काढा, झूम करून. मग त्याच्यावर ग्लास पालथा घाला, खालून कागद सरकवा आणि बाहेर सोडून या.